बू खलीलने घर भाड्याने दिलं

बू खलीलला खलील नावाचा मुलगा नव्हता. मुलगी नव्हती, मूलच नव्हतं. पण आखातातल्या आमच्या मुहर्रक शहरात इब्राहिम नावाच्या पोराला मिसरूड फुटली, की लोक त्याला 'बू खलील' म्हणजे 'खलीलचा बाप' म्हणायला लागतात. बाप आधी ठरतो, मुलगा मागाहून येईल या भरवशावर. हाही इब्राहिमच. याचा मुलगा मागाहून आलाच नाही आणि नाव मात्र चिकटून राहिलं. सत्तरी ओलांडली तरी पोस्टमनपासून इमामापर्यंत सगळे त्याला बू खलीलच म्हणत. त्याला त्याचं काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही. मी विचारणाऱ्यांतला नव्हे, बोलणाऱ्यांतला. माझ्या या जिभेपायी एकदा काय झालं, तेच सांगायला बसलोय.

माझं पंखे आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान बरोबर त्याच्या दारासमोर. गल्ली इतकी अरुंद, की त्याची बायको सबीका त्याच्यावर चिडली की मी रेडिओचा आवाज कमी करायचो आणि मजा ऐकायचो. ती चिडायची रोज. तो माणूस जहाजं बांधणारा सुतार. चाळीस वर्षं किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या पोटात बसून खिळे ठोकले त्याने. कानांचं खोबरं झालेलं, ऐकू कमी यायचं. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी भांडायची, त्याची बाजूसुद्धा तीच मांडायची. घराचा दरवाजा त्याने स्वतः केला होता, मलबारच्या सागाचा. वर्षातून एकदा त्याला माशाचं तेल पाजायचा. तो वास आठवडाभर माझ्या दुकानात राहायचा आणि गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून यायचं.

सबीका एका थंडीत गेली. छातीत दुखतंय म्हणाली, लिंबूपाणी मागितलं, ते येईपर्यंत थांबली नाही. चाळीस दिवस गल्लीने बू खलीलला एकटं सोडलं नाही. एक दिवस आमच्याकडे जेवण, एक दिवस पलीकडच्या उम गानिमकडे, म्हणजे गानिमच्या आईकडे, एक दिवस मशिदीशेजारी. मग चाळीस दिवस संपले आणि जो तो आपापल्या संसाराला लागला. मीसुद्धा. संध्याकाळी तो दाराच्या पायरीवर बसायचा आणि मी दुकान बंद करताना म्हणायचो, "चल, बू खलील, पोटात काहीतरी टाकू." तो म्हणायचा, "टाकलंय." टाकलेलं नसायचं.

वर्षभराने त्याचा पुतण्या ईसा पिकअप घेऊन आला. ईसाला हमद टाऊनमध्ये सरकारी घर मिळालं होतं, नवं कोरं, थंड हवेच्या यंत्रासकट. काकाला एक अख्खी खोली देतो म्हणाला. पोरगा चांगला, त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. बू खलीलने एक गादी, एक पेटी आणि आपली हत्यारं गाडीत टाकली आणि दाराला कुलूप लावलं. कुलूप लावताना त्याला वेळ लागला. त्या दाराला बाहेरून कुलूप लावायची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली असावी. घरात सदा कुणीतरी असायचंच.

दोन महिन्यांत तो परत दिसायला लागला. दर शुक्रवारी दोन बस बदलून आमच्या मशिदीत नमाजाला यायचा, नमाज झाला की माझ्या बाकावर बसायचा आणि बंद दाराकडे बघायचा.

"तिकडे मशीद नाही का?" मी विचारायचो.

"आहे. मोठी आहे. कुणी ओळखत नाही."

"मग ओळख करून घे."

"माझ्या वयाच्या माणसाला लोक सलाम करतात, बू राशिद. ओळख नाही करून घेत."

घर भाड्याने द्यायची कल्पना ईसाची. तेव्हा आमच्या जुन्या वस्तीत तेच चाललं होतं. लोक नव्या वसाहतीत जात आणि जुन्या घरात दहा-बारा सडे मजूर भरत. पैसा बरा सुटायचा. पण आमच्या गल्लीतल्या बायकांनी डोक्याला हात लावला. सडे पुरुष समोर आले, की बाईमाणसाने दारात उभं राहणं बंद. उम गानिम माझ्या दुकानात येऊन मला दम देऊन गेली, "तुझ्या मित्राला सांग, इथे बाप्यांची वखार भरवलीस तर सबीका कबरीतून उठून येईल."

मी सांगितलं. बू खलील म्हणाला, "मला भाडं नकोच आहे. घरात कुणीतरी राहावं, चूल पेटावी. आणि मी शुक्रवारी आलो की दार उघडं असावं. एवढंच हवंय."

खरं सांगायचं तर त्याला भाडेकरू नको होता, माणसं हवी होती. त्या एका उघड्या दारासाठी त्याने घर भाड्याने दिलं. ते दार पुन्हा बंद झालं असतं तर त्याला या जगात जायला ठिकाण उरलं नसतं.

भाडेकरू मिळाला तो सुदानचा मास्तर. उस्ताद अब्दुल माजिद, मुलांना गणित शिकवायचा. उंच, सावळा आणि इतका अदबशीर, की माझ्या दुकानातल्या पंख्याशीसुद्धा हळू बोलेल. बायको बुसैना आणि दोन लहान मुली. बू खलील त्यांना घर दाखवायला मला बरोबर घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदा घरमालक होत होता. काय करावं? आत शिरल्या शिरल्या म्हणाला, "हा नळ सकाळीच येतो. या खोलीचं छत गळतं, खजुराच्या चटया आहेत ना वर. इथे भिंतीला ओल येते. ही फरशी हलते, पोरींना सांभाळा."

मी त्याला कोपराने ढोसलं. "अरे, तू घर भाड्याने देतोयस, की घराची चुगली करतोयस?"

"राहायला येणार आहेत ती. त्यांना कळायला नको?"

मास्तर हसला. म्हणाला, "काका, एवढं खरं बोलणारा मालक मला कैरोतही भेटला नव्हता आणि खार्तूममध्येही नाही." करारनामा मास्तरानेच आपल्या सुंदर अक्षरात लिहिला, बू खलीलने न वाचता सही केली. दोन किल्ल्या होत्या. मास्तरने एक घेतली, दुसरी परत त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ही असू द्या तुमच्याकडे. तुम्ही वडीलधारे. घर तुमचंच आहे."

आता हे असं बोलायची पद्धत असते. बोलणाऱ्यालाही कळतं, ऐकणाऱ्यालाही कळतं. पण एकट्या माणसाला शब्द शब्दशः ऐकू येतात.

पहिल्याच शुक्रवारी त्याचा नमुना पाहिला. मास्तरने आम्हा दोघांना नमाजानंतर घरी बोलावलं. बैठकीच्या खोलीत गेलो. मास्तर आतून कॉफीची सुरई घेऊन आला, तर बू खलीलने उठून त्याच्या हातातून ती घेतलीच. म्हणाला, "तुम्ही बसा, पाहुणे आहात."

"काका, पाहुणे तर तुम्ही."

"माझ्या घरात मी पाहुणा?"

"शपथ आहे तुम्हाला अल्लाची, बसा!"

"तुला शपथ आहे, तू बस!"

आमच्याकडे कॉफी यजमान ओततो आणि उभं राहून ओततो. पाहुणा बसून पितो. इथे दोन यजमान उभे आणि पिणारा मी एकटा. एकाने ओतली की दुसरा सुरई खेचून पुन्हा ओतायचा. त्या दुपारी मी अकरा कप कॉफी प्यालो आणि माझं काळीज रात्रभर फडफडत राहिलं. गल्लीत हा किस्सा मी महिनाभर विकून खाल्ला.

मग दर शुक्रवार तसाच. बू खलील नमाजानंतर आत जायचा, तासन् तास बसायचा. कधी मासळी आणायचा, कधी मुलींना गोळ्या. हलणारी फरशी बसवून दिली, नळाला नवं तोंड लावलं. मास्तर बिचारा एक शब्द बोलायचा नाही. पण एक दिवस माझी बायको मला म्हणाली, "तुझ्या मित्राला काही कळतं का रे? तो बैठकीत बसला की ती बुसैना मागच्या खोलीत बसते. आठवड्याची एक सुट्टी, नवरा घरात, आणि तिला शुक्रवारचं अंगण मिळत नाही. डोक्यावरचा पदर काढून दोन घटका मोकळं बसायचं म्हटलं तर सोय नाही."

"मी सांगतो त्याला."

"नीट सांग. थट्टा करू नकोस."

मी सांगितलं, पण सरळ बोलायला माझी जीभ कधी शिकलीच नाही. म्हणालो, "काय बू खलील, भाडं तू त्यांच्याकडून घेतोस की ते तुझ्याकडून? तूच तर राहतोयस तिथे!" तो मनापासून हसला. त्याला वाटलं, मी कौतुक करतोय.

पुढची गोष्ट मंगळवारची आहे. दहा-साडेदहाची वेळ. मास्तर शाळेत, दोन्ही मुली आमच्याकडे माझ्या बायकोपाशी. बू खलील शुक्रवार सोडून यायचा नाही, पण त्या दिवशी आला. हातात माशाच्या तेलाचा डबा. ईसाच्या घरी कंटाळला असेल आणि दाराला तेल द्यायचं निमित्त सापडलं असेल. त्याच वेळी समोरच्या भिंतीवरून धूर वर येत होता. दाट, पांढरा, सुगंधी धूर.

तो धूर कसला, हे मला पक्कं ठाऊक होतं. सुदानच्या लग्न झालेल्या बायका धुराचं स्नान घेतात. जमिनीत खड्डा करून त्यात खास बाभळीच्या लाकडाचे निखारे ठेवायचे, वर बसायचं आणि मानेपर्यंत जाड घोंगडी लपेटून घ्यायची. अंग मऊ होतं, सुगंध दिवसचे दिवस टिकतो. माझी बायको एकदा बघून आली होती आणि रात्रभर मला त्याचं वर्णन ऐकवत होती. म्हणजे एका शब्दात मी बू खलीलला थांबवू शकत होतो. 'आज नको, बायकांचं काहीतरी चाललंय,' एवढं पुरे होतं.

पण मला थट्टा सुचली. मी दुकानातून हात वर करून ओरडलो, "धाव, बू खलील, धाव! घर पेटलं तुझं!"

मला वाटलं, तो दचकेल, मग मी हसेन, मग खरं सांगेन. पण ज्याने चाळीस वर्षं लाकूड, डांबर आणि तेलात काढली, त्याला आगीची थट्टा कळत नाही. त्याच्या हातातला डबा पडला. तेल गल्लीभर पसरलं. आणि तो सत्तरीचा माणूस असा धावला, की मी बाकावरून उठेपर्यंत किल्ली फिरवून आत होता. मी "अरे, थांब, थांब!" म्हणालो, पण त्या कानांचं खोबरं झालेलं, हे मी आधीच सांगितलंय.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बाईची किंकाळी.

तो उलट्या पावलांनी बाहेर आला. एका हातात रिकामी बादली, दुसरा पंजा डोळ्यांवर घट्ट दाबलेला. उंबऱ्याला अडखळला, पडता पडता वाचला. माझ्या बाकावर येऊन बसला आणि बादली मांडीवर घेतली.

"बाई होती," तो म्हणाला. "अंगणात बाई होती. मी होद म्हटलं नाही, बू राशिद. मी होद म्हटलं नाही."

आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात शिरताना पुरुष उंबऱ्याबाहेर थांबतो आणि "होद! होद!" अशी हाक देतो. आतल्या बायका पदर सावरतात, खोलीत जातात आणि मग आतून उत्तर येतं, "हिदा," म्हणजे या. हाक न देता जो शिरतो तो चोर, नाहीतर त्याहून वाईट. दाढी पांढरी झालेला, कुणाच्या बायकोकडे मान वर करून न बघितलेला हा माणूस परक्या बाईसमोर तसा जाऊन उभा राहिला होता. का, तर आपल्या घरात कुणी हाक देऊन शिरत नाही.

किंकाळी ऐकून गल्ली गोळा झाली. उम गानिम कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वा रे मालक! भिंतींचं भाडं घेतोस, आता घरातल्या बाईचं तोंडही बघायचंय?" त्याने मान खाली घातली. एकदाच वर बघून 'हा बू राशिद ओरडला म्हणून मी धावलो,' असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. आणि मी? मी हातात पेचकस धरून उभा होतो. माझी जीभ, जी एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाही, ती टाळ्याला चिकटली.

दीड वाजता मास्तर शाळेतून आला. आत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"काका, तुम्ही मला वडिलांच्या जागी. पण आमच्याकडे घरात पुरुष नसेल तर सख्खा बापसुद्धा हाक देऊन येतो."

"खरं आहे, बाळा."

"ती रडतेय. मी आता दुसरं घर बघतो. महिनाअखेरीला जातो आम्ही."

बू खलीलने खिशातून किल्ली काढली. मास्तरच्या हातात द्यायचा धीर त्याला झाला नाही. माझ्या टेबलावर, सुट्या स्क्रूंच्या डबीशेजारी ठेवली. "माझ्यामुळे तुम्ही जाऊ नका," तो म्हणाला. "पोरींची शाळा जवळ आहे. छत मी माणूस पाठवून नीट करून घेतो. मीच येत नाही यापुढे." मग तेलावरून घसरू नये म्हणून भिंतीला हात लावत लावत बस थांब्याकडे गेला.

रात्री मी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या तोंडाला टाका घालायला हवा होता तुझ्या आईने." दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुसैनाकडे गेली आणि सगळं सांगून आली. संध्याकाळी मास्तरने एक बंद पडलेला पंखा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. मी तो पंखा असा दुरुस्त केला, की तसा नवाही चालला नसता. पैसे घ्यायचे तर प्रश्नच नव्हता.

बुसैनाचा निरोप माझ्या बायकोकडून आला. "काकांना म्हणावं, मी रागावले नाही. आधी घाबरून रडले, मग हसून हसून रडले. अर्ध्या बादलीत भिजलेली घोंगडी तीन दिवस वाळत नव्हती. आम्ही कुठे जात नाही. त्यांनी यावं, फक्त दारात उभं राहून हाक द्यावी."

एक शुक्रवार गेला, दोन गेले, तीन गेले. बू खलील आला नाही. चौथ्या आठवड्यात मी दुकान बंद ठेवून हमद टाऊनला गेलो. ईसाचं घर शोधायलाच तास गेला. सगळी घरं एका साच्यातली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ईसा कामावर, त्याची बायको कामावर. बू खलील आपल्या खोलीत खुर्चीवर बसला होता, थंड हवेच्या यंत्राच्या घरघरीत, अंगावर शाल घेऊन. यंत्र बंद कसं करायचं ते त्याला माहीत नव्हतं. विचारायला लाज वाटत होती. सुताराची पेटी पलंगाखाली, तिच्यावरची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. चपला दाराशी जोडून ठेवलेल्या, उठून लगेच निघता यावं अशा. त्या चपला बघितल्या आणि मला तिथेच रडू फुटलं. मी नाक शिंकरल्याचं सोंग केलं.

"त्या दिवशी मी उगाच ओरडलो," मी म्हणालो. एवढं बोलायला मला दोन बस आणि तीन आठवडे लागले होते.

"तू ओरडला नसतास तरी मी किल्ली लावूनच शिरलो असतो," तो म्हणाला. "हाक द्यायचं मला सुचलंच नसतं. आणि खरं सांगू? तू ओरडलास तेव्हा क्षणभर बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मला कुठेतरी धावायचं होतं."

मी बुसैनाचा निरोप सांगितला आणि जाताना ते यंत्र बंद करायचं बटण दाखवलं.

पुढच्या शुक्रवारी तो आला. नमाज झाला. गल्ली ओलांडून आपल्या दारासमोर उभा राहिला. दार अर्धं उघडं होतं. तरी तो उभाच. मी दुकानातून बघत होतो. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दारातून तो चव्वेचाळीस वर्षं आत-बाहेर करत होता आणि तिथे परका म्हणून पहिली हाक त्याला द्यायची होती. शेवटी घसा साफ करून त्याने हाक दिली. "होद."

आतून बाईचा आवाज आला, ठसठशीत, आमचा शब्द सुदानी तोंडात घोळवत. माझ्या बायकोने शिकवला होता. "हिदा, काका, हिदा! या आत!"

तो जागचा हलला नाही. हात दाराच्या लाकडावर ठेवलेला. मग तिथूनच विचारलं, "सगळं ठीक? पाणी येतं?"

"येतं, काका."

"छत?"

"आता नाही गळत. या ना, कॉफी ठेवते."

"नको, बेटा. अल्लाच्या हवाली."

आणि तो वळला. मी त्याला बाकावर बसवून विचारलं, "अरे, एवढं बोलावतात, मग गेला का नाहीस?"

"मी आत गेलो असतो तर ती पुन्हा मागच्या खोलीत जाऊन बसली असती," तो म्हणाला. "अंगणात राहू दे तिला."

म्हणजे जी गोष्ट मी थट्टेने सांगून त्याला कळली नव्हती, ती आता त्याला पुरती कळली होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यानंतर सात वर्षं, दर शुक्रवारी, हे असंच चाललं. "होद." "हिदा, काका!" पाणी, छत, पोरींचा अभ्यास. दोन मिनिटांचं बोलणं, उंबऱ्याच्या अलीकडून. मास्तर घरी असला तर बाहेर येऊन बाकावर आमच्याबरोबर बसायचा, हाताला धरून आत ओढायचा. बू खलील हसून हात सोडवून घ्यायचा. दोन मिनिटांसाठी दोन बस यायला आणि दोन बस जायला. गुडघे गेले तरी काठी घेऊन यायचा. मी म्हणायचो, "एवढ्यासाठी येतोस?" तो म्हणायचा, "आतून उत्तर येतं, बू राशिद." सबीका गेल्यावर दोन वर्षं त्या घरातून उत्तर आलं नव्हतं, ते त्याला म्हणायचं असावं. माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

मग मास्तरची नोकरी संपली. ते लोक कायमचे आपल्या गावी, ओमदुरमानला निघाले. मुली आता माझ्या खांद्याला लागत होत्या. जाताना बुसैना आपली किल्ली माझ्या दुकानात, सात वर्षं पडून राहिलेल्या दुसऱ्या किल्लीशेजारी ठेवून गेली आणि म्हणाली, "काकांना सांगा, अंगणातला खड्डा मी बुजवलाय. फरशी धुऊन ठेवलीये." तिचे डोळे लाल होते. मास्तरने मला मिठी मारली. सात वर्षांत त्याने त्या मंगळवारचा विषय काढला नव्हता, त्या दिवशीही काढला नाही.

शुक्रवारी बू खलील आला. मी दोन्ही किल्ल्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"गेले बुधवारी," मी म्हणालो.

"हो. फोन केला होता त्यांनी ईसाच्या घरी. रडत होती पोरगी."

"जा, घर बघून ये. मी चहा सांगतो तोवर."

तो काठी टेकत गल्ली ओलांडून गेला. दारासमोर थांबला. किल्ल्या त्याच्या मुठीत होत्या, मला दिसत होत्या. त्याने घसा साफ केला आणि हाक दिली, "होद."

मला वाटलं, सवय. सात वर्षांची सवय कुठे जाते? मी हसणारच होतो. पण तो कान देऊन उभा राहिला, आतल्या बाईला पदर घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, "होद!" उम गानिम आपल्या दारात उभी होती, तिने तोंडावर पदर धरला. तो तिसऱ्यांदा म्हणाला, "होद." तीन हाका द्यायच्या, उत्तर आलं नाही तर माघारी फिरायचं, हे आमच्याकडे पोरांना पायात चप्पल घालता येण्याआधी शिकवतात.

तो माघारी फिरला. माझ्या दुकानासमोरून बस थांब्याकडे जायला लागला.

"अरे, बू खलील!" मी ओरडलो. "किल्ली तुझ्याच हातात आहे! घर तुझं आहे, बाबा, उघड आणि जा आत!"

तो थांबला. मुठीतल्या किल्ल्यांकडे बघितलं आणि त्या खिशात टाकल्या.

"आत कुणी नाही, बू राशिद," तो म्हणाला. "उत्तर आलं नाही."